डावा कौल

देवदिवाळीच्या जत्रेत गुरुदास गुरवाने गाऱ्हाणं घालताना अख्खी घाडीवाडी गाळली. एखादं नाव नव्हे, वाडीच्या वाडी! ग्रामदेवी सातेरीसमोर उभं राहून एकेका वाडीचं नाव घ्यायचं, तिचं बरं मागायचं आणि जमलेल्यांनी दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही गावची रीत. गुरुदास हे काम त्रेचाळीस वर्षं करत होता. कागद नाही, चिठ्ठी नाही, सगळं तोंडपाठ. त्या दिवशी मात्र तो वरच्या वाडीवरून थेट तळेवाडीवर उतरला आणि मधली घाडीवाडी हात जोडून उभीच राहिली. शेवटी तिथल्या लोकांनी आपापले नारळ उचलले आणि ते घरी गेले. आठवड्याने त्यांच्या विहिरीवरचा पंप जळला. पंप पंधरा वर्षांचा होता, पण हे ऐकून घेतंय कोण!

गौरजा ही गुरुदासाची एकुलती एक मुलगी. पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम ती गावच्या घरी पडवीत बसून करायची. पंपाचं तिला काही वाटलं नाही. पण त्याच आठवड्यात बाबांनी तिला तिसऱ्यांदा तुळसा म्हणून हाक मारली. तुळसा म्हणजे आत्या, रेडीला दिलेली. बाबांबरोबर गाऱ्हाणंही जाणार, हे तिला दिसलं.

"बाबा, गाऱ्हाणा लिवन ठेवया. गिटात."

"ता काय?"

गिट म्हणजे लिहिलेल्या मजकुरात कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. नवं लिहिलं तरी जुनं जात नाही. हे तिने समजावून सांगितलं. गुरुदासाने सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी चूकय ऱ्हवतली?"

"ऱ्हवतली."

"नावासकट?"

"नावासकट, तारखेसकट."

सुपारी कातरून झाली होती तरी तो अडकित्ता दाबत राहिला. मग त्याने एकच अट घातली. गाऱ्हाणं देवीचं, ते देवळात राहायला हवं. गौरजाच्या लॅपटॉपवर नाही, फोनवर तर नाहीच.

देवळाला कॉम्प्युटर होता. एका मुंबईकराने नवस फेडताना दिलेला. नवस जुना, कॉम्प्युटर त्याहून जुना. तयार गिट त्याच्यावर चढेना. अशा मशीनसाठी ते आता कोणी बनवतच नव्हतं. मग एकच वाट उरली: मूळ कोड पेनड्राइव्हवर आणायचा आणि त्यातून देवळाच्या ऑफिसात त्याच मशीनवर गिट बांधायचं. बांधायच्या आधी फाइलीत लिहून द्यावं लागतं, आत काय घ्यायचं, काय वगळायचं. वगळायचं असेल तर 'नो' लावून नाव लिहायचं आणि पुढे 'येस प्लीज'. प्लीजशिवायही चालतं, पण लिहिणाऱ्यांनी रीत पाडली आहे, आणि रीत म्हटल्यावर गौरजा काही गावाबाहेरची नव्हती.

यादीत कर्ल, म्हणजे इंटरनेटशी बोलणारा भाग, आला तिथे गाडं अडलं.

"कर्ल घेतला तर गाऱ्हाण्याची एक प्रत इंटरनेटवर भायर ठेवूक येता," गौरजा म्हणाली. "ह्यो डबो कधी मरात सांगूक येना नाय, बाबा."

"गाऱ्हाणा शिवेभायर जायना नाय."

"कर्ल घेतला म्हणान पाठवूकच व्हया असा नाय. सेटिंगात बंद ठेवूक येता."

"आणि सेटिंग कोणय बदलीत?"

"बदलीत."

"आणि कर्ल घातलाच नाय तर?"

"मग त्या गिटाक भायर जावचा कसा ताच कळाचा नाय. परत सगळा नव्यान बांधूक व्हया."

"ह्या बरा," गुरुदास म्हणाला.

गौरजा वैतागली. शेवटी प्रकरण देवस्थान कमिटीचे अध्यक्ष दत्तप्रसाद मास्तर यांच्याकडे गेलं. मास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण ऑफिसच्या खुर्चीत बसले की अजूनही पुस्तकातलं मराठी बोलत.

"हा निर्णय तुमचा नव्हे आणि माझाही नव्हे. कौल लावावा. एक करा, यादीतले सगळेच प्रश्न विचारून घ्या. उगाच शंका नको."

सोमवारी सकाळी पूजा झाल्यावर कौल लागला. ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. गाभाऱ्यात गुरव एकटाच. मास्तर बाहेर उंबऱ्याशी वही घेऊन, आणि त्यांच्या बाजूला गौरजा, यादी वाचत.

गिटचे संदेश इंग्रजीखेरीज इतर भाषांतही हवेत का, तिने विचारलं. उजवा. पर्ल नावाच्या भाषेतल्या स्क्रिप्ट हव्यात का? डावा. चित्रांची खिडकी उघडणारी सोय हवी का, याला मात्र पंचवीस मिनिटं एकही पाकळी हलली नाही. मास्तरांचे पाय दुखायला लागले.

"देवी मौन आहे. अशा वेळी काय करतात?"

"डिफॉल्ट ठेवतत," गौरजा म्हणाली.

मास्तरांनी वहीत 'डिफॉल्ट' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग कर्ल. गौरजाने प्रश्न नीट, सरळ विचारला: गाऱ्हाण्याची प्रत बाहेर पाठवता येईल असं गिट बांधायचं का? आतून गुरुदासाचा आवाज आला.

"डावो."

संपलं! मनात ती काय काय बोलली ते देवळात सांगण्यासारखं नाही. पण तिने 'नो कर्ल' लिहिलं, पुढे 'येस प्लीज' लिहिलं आणि बांधायला घेतलं. पहिल्यांदा एक लायब्ररी नाही म्हणून अडलं, दुसऱ्यांदा वीज गेली, तिसऱ्यांदा अडीच तासांत गिट तयार झालं. मास्तरांनी त्याच्यापुढे नारळ वाढवला.

त्यानंतर दर सोमवारी पूजा आटपली की गुरुदास ऑफिसात बसून गाऱ्हाणं सांगायचा आणि गौरजा लिहायची. घाडीवाडी कधी तिसरी यायची, कधी सहावी, एकदा तर दोन वेळा आली. प्रत्येक वेळची नोंद व्हायची. कोणती बरोबर हे गुरुदास पुढच्या सोमवारी पडद्यावर बघून ठरवायचा. बघता बघता गाऱ्हाणं बसलं. जत्रेत गाळलेलं सगळं परत आलं आणि गौरजाला रात्रीची झोप लागायला लागली.

एप्रिलमध्ये एका दुपारी वीज चार वेळा गेली आणि चार वेळा आली. पाचव्यांदा आली तेव्हा कॉम्प्युटर आला नाही. मागून धूर तेवढा आला.

सत्यनारायणाला वापरायच्या चादरीत गुंडाळून गौरजाने तो कुडाळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. डिस्क वाचली की नाही ते चार दिवसांनी कळेल, असं तो म्हणाला. म्हणजे चार दिवस गाऱ्हाणं कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरजा पडवीत काम करत होती. घरापुढच्या खळ्यात गुरुदास तुळशीकडे तोंड करून, हात जोडून उभा होता.

"बा देवी सातेरी, वरच्या वाडयेक बरा कर, म्हाराजा..."

तो थांबला. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच थांबला. पाच वेळा. सहाव्यांदा त्याने हात खाली सोडले आणि पायरीवर बसला. गौरजाला रडूही आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला.

"एक प्रत भायर आसती तर आता तुमच्यासमोर धरलंय आसतंय! पण नाय! देवीक नको हुता ना!"

गुरुदास उठला आणि तिच्याकडे न बघता आत गेला.

चौथ्या दिवशी दुरुस्तीवाल्याचा फोन आला. आतला वीजपुरवठ्याचा डबा जळला होता, डिस्क शाबूत होती. कॉम्प्युटर देवळात परत आला, सुरू झाला, आणि घाडीवाडी आपल्या जागी होती. गौरजाने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले.

"गो बाय," गुरुदास म्हणाला. "परत बांध."

"काय?"

"गिट. त्या कर्लासकट."

"आणि देवीचो कौल?"

गुरुदासाने दाराकडे बघितलं. बाहेर कोणी नव्हतं. तरी त्याने आवाज खाली आणला.

"कौल उजवो पडलेलो."

गौरजाने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"मास्तरांका भायरसून दिसना नाय. मीच डावो सांगितलंय. त्रेचाळीस वर्सांत पयल्यांदा. माझो इसर गावाक म्हायती आसा, गावात ऱ्हवांदे. भायर कित्याक जावचो? माझ्या नावान? लाज वाटली माका."

तिला खूप काही म्हणायचं होतं. चार दिवसांचा राग तर तोंडात तयारच होता. पण तो समोर हात गुडघ्यांवर ठेवून, ओरडा खायला आलेल्या पोरासारखा बसला होता. तिने फाइल उघडली आणि 'नो कर्ल'ची ओळ काढून टाकली.

बांधायला या वेळीही अडीच तास लागले. गुरुदास उठला नाही. पडद्यावरून ओळी वर जात होत्या त्या तो बघत बसला. मध्ये एकदा त्याने फक्त विचारलं, "ह्या सगळा परत पयल्यापासून?" ती म्हणाली, "व्हय, पयल्यापासून."

गिट तयार झालं तेव्हा तो म्हणाला, "आता लिव. कौल उजवो पडलेलो. मी डावो सांगितलंय. गुरुदास."

"ह्या गाऱ्हाण्यात येना नाय, बाबा."

"नोंदीत येता मां? थंय लिव."

तिने लिहिलं.

"तारीख खंयची पडली?"

"आजची."

"चूक त्या सोमवारची आसा. ती घाल."

तशी सोय होती. मास्तरांची वही कपाटातून काढून तिने तारीख बघितली आणि घातली. मग तिने त्याला पडद्यावर दाखवलं: गिट दोन तारखा ठेवतं, एक केल्याची आणि एक नोंदवल्याची.

"दोनय ऱ्हवतत?"

"दोनय."

"बरा," गुरुदास म्हणाला.

रेंज फक्त देवळापुढच्या तुळशीपाशी यायची. गौरजाने फोन नेऊन तुळशीच्या कठड्यावर ठेवला, ऑफिसात येऊन कॉम्प्युटर त्याच्या हॉटस्पॉटला जोडला आणि प्रत पाठवायची आज्ञा टाइप केली. एंटर दाबायच्या आधी तिने त्याच्याकडे बघितलं. गुरुदास उभा राहिला, त्याने सवयीने हात जोडले आणि ती काही म्हणेल म्हणून वाट बघत राहिला. त्रेचाळीस वर्षं तो सांगत आला होता आणि बाकीचे होकार देत होते. आता सांगणारं कोणीतरी हवं होतं.

गौरजाने घसा साफ केला.

"बा देवी सातेरी," ती म्हणाली, "ह्या भायर जाता हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गुरुदास म्हणाला, आणि तिने एंटर दाबलं.