राणीच्या सिंहासनाची करकर

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मी मनात धरून ठेवते. माझा मागचा डावा पाय किंचित आखूड आहे. घडवताना सुताराच्या ते लक्षात आलं होतं, पण तो "चालतंय" म्हणाला. त्यालाही मी विसरलेले नाही, पण आज त्याची पाळी नाही.

पुढे मी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत आले. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक काका, अलीकडे माइक, भिंतींना करडा स्पंज आणि मधोमध मी. तिथे एका ऑनलाइन खेळातल्या पात्रांचे आवाज तयार होत. जादूगार, राक्षस, तलवारी घेतलेले वीर. लाखो लोक घरबसल्या तो खेळ एकत्र खेळायचे. त्यातली खलनायिका म्हणजे बुडालेल्या नगरीची राणी, आणि तिचा आवाज आमच्या ताईंचा.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाले, "जरा गडगडाटी हसा ना. खलनायिका आहे ती."

"तिचं गाव बुडवलंय या वीरांनी. ती कशाला हसेल?" ताई म्हणाल्या. "ज्याचं खरंच काही गेलंय ना, तो हळू बोलतो."

आणि त्या हळूच बोलल्या, "मी विसरले नाही." शेवटच्या शब्दाला त्या पुढे झुकल्या आणि मी करकरले. काका तो आवाज पुसायला निघाले आणि थांबले. "राहू दे. सिंहासनच करकरतंय असं वाटतं."

सहा वर्षं ती राणी आम्ही दोघींनी केली. करकर ऐकू आली की भले भले खेळाडू पळत सुटायचे. मला कॉलर असती तर मी ताठ केली असती.

मग खेळाचा दुसरा भाग निघाला. दिग्दर्शकांना आता राणीचा आवाज तरुण हवा होता. ताईंना त्यांनी साधं कळवलंही नाही. त्या ठरल्या वेळी आल्या, तर माइकसमोर एक मुलगी बसलेली, नव्या गुबगुबीत खुर्चीत. ताई कोपऱ्यात सरकवलेल्या माझ्यापाशी आल्या. माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि गेल्या. त्या मुलीचा दोष नव्हता, तिला मी माफ केलंय. तेवढ्या एकीलाच.

मला जिन्याखाली टाकलं. आठ महिने माझ्या अंगावर फरशीची फडकी वाळत होती. आठ महिने मी एकच वाक्य घोकत होते. ते कोणतं, हे तुम्हाला माहीत आहे.

नवा भाग आला आणि खेळाडू खवळले. ही आमची राणी नाही, हिचं सिंहासनसुद्धा मुकं आहे, अशी पत्रांवर पत्रं आली. दिग्दर्शक धावत जिन्याखाली आले. ताईंना शोधत नव्हे, मला! फडकी झटकून मला आत नेलं आणि त्या मुलीला माझ्यावर बसवलं. मी चिडीचूप. मग दिग्दर्शकांनी स्वतः माझ्यावर बसून उड्या मारल्या. तरी मी हूं की चूं केलं नाही. ओलीने सांधे फुगले असतील, असं कुणीतरी म्हणालं. म्हणोत बापडे.

काका म्हणाले, "साहेब, ती करकर ताईंच्या झुकण्याची आहे. फोन करा त्यांना. आणि तुम्हीच करा."

ताई आल्या. त्यांची एकच अट होती. समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी वाचून दाखवायची असतात, म्हणजे उत्तर खरं वाटतं. ती वाक्यं दिग्दर्शकांनी वाचायची. प्रसंग होता वीर राणीपुढे गुडघे टेकतो तो.

"महाराणी, माझी चूक झाली. मला क्षमा करा," दिग्दर्शकांनी भराभर वाचलं.

"पुन्हा. पश्चात्ताप ऐकू येत नाहीये," ताई शांतपणे म्हणाल्या.

पुन्हा. आणि पुन्हा. पाचव्या वेळी त्यांना घाम फुटला. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! काका मान खाली घालून हसत होते. अकराव्या वेळी दिग्दर्शकांनी कागद बाजूला ठेवला आणि ताईंकडे पाहिलं. या वेळी ते भराभर बोलले नाहीत. "ताई, माझी चूक झाली. मला क्षमा करा."

ताई पुढे झुकल्या. "मी विसरले नाही."

आणि मी करकरले, आठ महिन्यांचं साचलेलं सगळं एकदम.

राणी आता पुन्हा आमची आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना जपा. दया म्हणून जपलं नाहीत तरी चालेल, धाक म्हणून जपा. आमचे दिग्दर्शक बघा. ती गुबगुबीत खुर्ची जिन्याखाली गेली, खोलीत दुसरी नाही, पण ते माझ्यावर बसत नाहीत. ताई येईपर्यंत उभेच राहतात.