दारापाशी बसणारा माणूस

लालबागच्या त्या सुतारखान्यात बसायला काहीच नव्हतं. कुशाबा मेस्त्री आणि त्याचा मेहुणा लवू जमिनीवर उकिडवे बसत, लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरत आणि दिवसभर रंधा मारत. गिऱ्हाईक आलं तर उभ्यानेच बोलून जाई. वीस वर्षांत तिथे कुणाला स्टूल लागलं नव्हतं.

छप्पन सालच्या फेब्रुवारीत गुरुदत्त आला. मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून निघालेल्या मोर्च्यांवर गोळीबार होऊन महिना उलटला नव्हता. संचारबंदी उठली होती, तरी माणसं नाक्यावर रेंगाळत नव्हती. अशात इस्त्रीचा सदरा आणि पायात बूट घातलेला चाळिशीचा गृहस्थ दारात येऊन म्हणाला, "मेस्त्री, मला सुतारकाम शिकायचंय."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठीच. मी प्रभादेवीला राहतो. सरकारी कचेरीत होतो, राजीनामा दिला."

"का दिलात?"

"तब्येत," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या करवतींकडे बघू लागला.

तब्येत तर चांगली दिसत होती. कुशाबाला ते खटकलं. पण कामं अंगावर पडली होती, दोन हात जास्तीचे हवेच होते. "या उद्यापासून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कळलं की गुरुदत्तचा उजवा गुडघा वाकत नाही. त्याला उकिडवं बसताच येईना. मग त्याने स्वतःच विचारलं, "पहिलं काम म्हणून एक स्टूल करू? आपल्या सुतारखान्यासाठीच. मलाही बसता येईल, येणाऱ्यालाही."

कुशाबाने सागवानाचे तुकडे काढून दिले. आणि गुरुदत्त मापं घेऊ लागला. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. प्रत्येक माप खिशातल्या लहान वहीत टिपायचा, तेही इंग्रजीत. उजेड लागतो म्हणून त्याने दारापाशीच, उंबऱ्यावर पाय लांब करून, जागा धरली. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या नजरेखालून जाऊ लागला.

मुंबईच्या चळवळीच्या समितीची पत्रकं तेव्हा या सुतारखान्यात येत. छापखान्यातून गठ्ठे यायचे, एक-दोन दिवस थांबायचे आणि गिरणीतली माणसं ती डब्यांतून, पिशव्यांतून घेऊन जायची. गुरुदत्त येऊन पंधरा दिवस झाले आणि एका दुपारी पोलीस आले. इकडेतिकडे न बघता त्यांनी हत्यारांची पेटी उघडली, पटाशा बाजूला केल्या, खालचा गठ्ठा उचलला आणि दम देऊन निघून गेले.

"पेटीतच आहे हे त्यांना कसं कळलं?" कुशाबा पुटपुटला.

लवूने दाराकडे मान केली आणि हळूच म्हणाला, "भावोजी, तो मापां लिवता की नावां?"

त्या दिवसापासून कुशाबाला दुसरं काही सुचेना. गुरुदत्त पटाशीने फळीला भोक पाडत असला, तरी कुशाबाचे डोळे त्याच्या खिशावर. तो पाणी प्यायला नळावर गेला, तरी कुठे जातो ते बघायला कुशाबा दारापर्यंत यायचा. एकदा तर त्याने मुद्दाम गाठ असलेलं लाकूड त्याच्या पुढ्यात टाकलं. गाठीवर पटाशी अडली, स्टुलाचा पाय चिरला. गुरुदत्तने वर बघितलं. काही बोलला नाही. दुसरा पाय करायला घेतला. हे न बोलणंही कुशाबाला संशयाचंच वाटलं. साधा माणूस दोन शिव्या तरी हासडेल.

घरी त्याने बायकोला सांगितलं. जाईबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याका सरळ इचारा ना."

"सरळ सांगात तो?"

शेवटी त्याने सापळा लावला. रविवारी नवे गठ्ठे आले, ते त्याने आणि लवूने मिळून माळ्यावर फळ्यांच्या मागे सरकवले. सोमवारी लवू बाहेर गेलेला पाहून तो गुरुदत्तजवळ गेला.

"उद्या पत्रकं येतायत. दाराशी ही भुशाची पोती आहेत ना, त्यांत ठेवणार. कोणाला बोलू नका."

गुरुदत्त रंधा थांबवून म्हणाला, "मला कशाला सांगताय?"

"असंच. तुम्ही आपले म्हणून."

मंगळवारी अकराच्या सुमाराला पोलीस आले. निळी गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली आणि कुशाबाच्या कानशिलात रक्त चढलं. गुरुदत्त स्टुलाचा तिसरा पाय ठोकून बसवत होता. कुशाबाने लाथ मारली. स्टूल भिंतीवर आदळलं, फळी उभी चिरली.

"हाच तो! माझ्या दारात बसून माझ्याच मुळावर उठला! चल, चालता हो!"

गल्लीतली माणसं जमली. कुणीतरी गुरुदत्तच्या दिशेने थुंकलं. गुरुदत्तने वही खिशात घातली आणि लंगडत गर्दीतून निघून गेला. पोलिसांनी गठ्ठे घेतले आणि कुशाबालाही गाडीत घातलं.

चौकीतल्या कोठडीत तो दिवसभर बसून होता. पहिले काही तास त्याला समाधानच वाटत होतं. पकडला एकदाचा. मग दुपारी, सकाळचं सगळं पुन्हा आठवताना, तो मध्येच अडखळला.

पोलीस शिडी मागून सरळ माळ्यावर चढले होते. भुशाच्या पोत्यांना कुणी हात लावला नव्हता. एक हवालदार तर पोत्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होता.

गुरुदत्तला पोती माहीत होती. माळा माहीत नव्हता. माळा दोघांनाच माहीत होता.

कुशाबाने डोकं गुडघ्यांत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडलं. तो घरी आला तेव्हा लवू चहा पीत होता आणि जाईबाई तांदूळ निवडत होती. कुशाबाने चपलाही काढल्या नाहीत.

"लवू, माळा तू सांगितलास?"

"मी? भावोजी, काय बोलतास..."

"देवाकडे हात करून सांग."

लवूचा हात कपावरून हलला नाही. मग तो रडायलाच लागला. दिवाळीच्या आधी हातभट्टीच्या दारूसकट एका शिपायाने त्याला पकडलं होतं. कोर्टात उभा करू नको म्हणून तो पाया पडला आणि तेव्हापासून शिपाई विचारेल ते सांगत गेला.

"आणि त्या माणसावर बोट कशाला दाखवलंस?"

"तुमका तसाच वाटत होता. मी फक्त बोलान दाखवलंय."

जाईबाई उठली. आई गेल्यावर या भावाला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिने खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली, त्याचे कपडे त्यात भरले आणि ट्रंक दाराबाहेर नेऊन ठेवली. "गावाक जा. हय परत येव नको," एवढंच म्हणाली आणि पुन्हा सुपाशी बसली. तांदूळ मात्र तिला दिसत नव्हते.

संध्याकाळी कुशाबा प्रभादेवीला गेला. घर विचारत विचारत सापडलं. दार गुरुदत्तच्या बायकोने, सुमतीने, उघडलं. तिला नाव सांगताच तिने दार अर्धं लोटून घेतलं. आतून गुरुदत्त म्हणाला, "येऊ दे त्यांना."

कुशाबा बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं, सापळ्याचंही, गाठीच्या लाकडाचंही. "चुकलो," तो म्हणाला. "गल्लीसमोर बोललो, आता गल्लीसमोरच सांगेन."

"गाठ मला कळली होती," गुरुदत्त म्हणाला. "तुमचा संशयही कळत होता. म्हणून कमी बोलायचो."

"आणि मला वाटायचं, बोलत नाही म्हणजे काहीतरी लपवतोय."

"लपवत होतोच. राजीनामा तब्येतीमुळे नाही दिला. गोळीबारात गेलेल्यांच्या यादीची प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. नाव, वय, पत्ता. एक पत्ता आमच्या याच प्रभादेवीच्या गल्लीतला निघाला. तो पोर लहान असताना मी त्याला पेन्सिली द्यायचो. पुढे हात चालेना. मेलेल्यांच्या याद्या लिहिणारा म्हणून लालबागेत कोण मला उभं करणार होतं?"

सुमतीने न विचारता चहा आणून ठेवला. तेव्हा कुशाबा बसला.

सोमवारी गुरुदत्त आला. कुशाबाने शेजारच्या दुकानदारांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर, शब्द न गाळता, आपली चूक सांगितली. काही जण मान हलवून गेले. काही जण तरीही गुरुदत्तकडे तिरकेच बघत राहिले. तिथून पुढेही कित्येक महिने बघत होते.

दोघांनी नवं स्टूल करायला घेतलं. फळी कुशाबाने निवडली, हात फिरवून, दोनदा उलटीपालटी करून. पायांना किंचित बाहेर कल कसा द्यायचा, भोक तिरपं कसं पाडायचं, पाचर मारताना लाकडाच्या रेषेला आडवी का मारायची, हे त्याने पहिल्यांदाच नीट सांगितलं. चार दिवसांनी स्टूल उभं राहिलं. गुरुदत्त त्यावर बसला, तर ते डुगडुगलं. कुशाबाने एक पाय केसभर घासला. मग डुगडुगलं नाही.

त्याच आठवड्यात पत्रकांचे नवे गठ्ठे आले. कुशाबाने ते आत नेले आणि बाहेर येऊन म्हणाला, "या वेळी कुठे ठेवलेत, ते तुम्हाला दाखवतो."

"नको, मेस्त्री," गुरुदत्त म्हणाला. "मला माहीत नसलेलंच बरं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कुशाबा खाली बसला आणि त्याने रंधा हातात घेतला.