हौसाबाईंच्या टाकीवरचा रेग्युलेटर

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे. गॅसच्या टाकीच्या डोक्यावर बसतो तो. शेगडीची निळी ज्योत सगळ्यांना दिसते, टाकी उचलताना सगळ्यांची कंबर दुखते, पण मधल्या या मुठीएवढ्या वस्तूकडे कोण बघतो? टाकीतला गॅस फार दांडगा असतो. त्याला आवरून, हळूहळू, शेगडीला झेपेल एवढाच पुढे सोडणे हे माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले जस्त साच्यात ओतून माझे अंग घडवले, पोटात एक स्प्रिंग आणि रबराचा पातळ पडदा बसवला. मग मला पाण्यात बुडवून आत हवा भरली. एक जरी बुडबुडा आला असता तर मला बाजूला फेकून दिले असते. बुडबुडा आला नाही. त्या परीक्षेचा मला पुढे फार दिवस अभिमान होता.

गडहिंग्लजला हौसाबाई शिंत्रे यांच्या घरी मी आलो. हौसाबाई मसाला करून देत. मिरचीच्या दिवसांत बायका संकेश्वरी मिरचीच्या पिशव्या घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसत. धणे, तीळ, खोबरे, लवंग, सारे त्या माझ्या शेगडीवर भाजत. घड्याळ त्यांनी कधी पाहिले नाही. नुसत्या वासावरून त्या म्हणत, "धणे अजून कच्चे हायत," नाहीतर "उतरव आता, एक क्षण जास्त झाला की कडू." गावात म्हणत, मसाला हौसामावशीच्या हाताचा नव्हे, नाकाचा.

एजन्सीचा माणूस मला बसवायला आला तेव्हा त्याने सगळे नीट समजावले होते. टाकीच्या तोंडात रबरी वायसर आहे का ते आधी बघा. माझे बटण बंद ठेवूनच मला बसवा. चालू केल्यावर सांध्यावर साबणाचे पाणी लावा, फुगे आले तर लगेच बंद करा. हौसाबाई हसल्या होत्या. "साबणाचं पाणी कशाला रं? माझं नाक हाय की!"

आणि खरोखर, त्या नाकाने अनेक वर्षे घर सांभाळले. एकदा नळीला बारीक चीर गेली होती. हौसाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या, तिथून त्यांना वास आला. धावत येऊन त्यांनी मला बंद केले. त्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसले आणि म्हणाल्या, "गुणाचा हाईस." धातूच्या वस्तूलासुद्धा असे शब्द पुरतात.

मग एका थंडीत त्यांना ताप आला. ताप उतरला, त्या पुन्हा शेगडीपुढे उभ्या राहिल्या, पण काहीतरी बिनसले होते. एके सकाळी दूध करपले. धूर डोळ्यांत जाईपर्यंत त्या तिथेच शेजारी बसून लसूण सोलत होत्या. धूर दिसल्यावर दचकल्या, भांडे उतरवले आणि नाकाशी नेले. पुन्हा नेले. मग पदराने तोंड झाकून कितीतरी वेळ तशाच बसल्या.

त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. सून गीता ही त्यांच्या भावाचीच मुलगी, त्यांना आत्या म्हणणारी. तिने करपलेले भांडे पाहून विचारले, तर म्हणाल्या, "डोळा लागला हुता." त्यानंतर त्या धण्यांचा रंग बघून भाजू लागल्या. कधी जमे, कधी हुकत असे. एका बाईने मसाला परत आणला. "मावशी, कडवट लागतोय," म्हणाली. हौसाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "ह्या रेग्युलेटरचं काय तर बिघडलंय. जाळ मोठा येतोय."

मित्रांनो, माझे काही बिघडले नव्हते. पण मला बोलता कुठे येते? त्या दिवसापासून माझ्यावर राग निघू लागला. बटण जरा घट्ट झाले की बत्त्याचा ठोका. पुन्हा घट्ट झाले की पुन्हा ठोका. फडके तर कधीच थांबले होते.

आणि मग तो दिवस आला. लग्नघरचा मसाला करायचा होता, संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता, आणि नेमकी टाकी संपली. हौसाबाईंनी नवी टाकी ओढून घेतली, दोऱ्याला बांधलेले टोपण काढले, पण तोंडात बोट घालून बघितले नाही. आत वायसर नव्हता. मी टाकीवर बसलो तेव्हाच मला कळले, सांधा सैल आहे. त्यांनी बत्त्याने वरून ठोकून मला दाबले, बटण फिरवले आणि धणे आणायला पुढच्या खोलीत गेल्या.

माझ्या खालून गॅस सूं सूं करत निघाला. गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, पाण्यासारखा फरशीवरून पसरतो. मी तो पसरताना पाहत होतो. भिंतीपलीकडे मिरची कांडायचे यंत्र धडधडत होते, त्यामुळे आवाजही ऐकू जाण्याजोगा नव्हता. हौसाबाई आल्या. धण्यांचे सूप खाली ठेवले, शेगडीपुढे उभ्या राहिल्या आणि काड्यापेटी उघडली.

ज्याचे काम गॅसला आवरणे, त्याच्याच बुडाखालून गॅस निसटत होता.

तेवढ्यात बाजारातून आलेली गीता दारातूनच किंचाळली, "आत्या! काडी वढू नगंस! टाक ती पेटी!"

"का गं? काय झालं?"

"काय झालं? अगं, घरभर गॅस भरलाय! वास येईना व्हय तुला?"

हौसाबाई गोंधळल्या. पेटी हातातून पडली. "थांब, पंखा लावते, जाईल वास," म्हणत त्यांनी भिंतीकडे हात नेला. गीताने धावत येऊन त्यांचे मनगट धरले.

"बटणाला हात लावायचा न्हाई! एक ठिणगी पुरं हाय. भायेर जा तू. शेजारच्यांस्नी सांग, यंत्र बंद करू नका, चालू करू नका, नुसतं भायेर या. जा!"

मग ती माझ्यावर वाकली. बटण फिरवले, फिरेना. बत्त्याच्या ठोक्यांनी ते अडकले होते. गीताच्या हाताला घाम सुटला होता, बोटे घसरत होती. तिने पदर गुंडाळून धरला आणि सगळा जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला. मी बंद झालो. तिने मला उतरवले, टाकीच्या तोंडावर टोपण घट्ट बसवले, दारे-खिडक्या सताड उघडल्या आणि बाहेर जाऊन अंगणात मटकन बसली.

घरातली हवा निवळायला खूप वेळ लागला. खिडकीतून त्या दोघींचे बोलणे मला ऐकू येत होते.

"आत्या, खरं सांग. तुला वास येत न्हाई ना?"



"त्या तापापास्नं," हौसाबाई म्हणाल्या. "कशाचाच येईना. मिरचीचा न्हाई, मोगऱ्याचा न्हाई."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"नाक गेलेल्या बाईकडं मसाला कोण टाकील गं? गावात नाक जाईल माझं."

"नाक जाईल म्हणं! आज भिंतीपल्याडच्या पोरीबाळींसकट आपण सगळीच गेलो असतो की!"

हौसाबाई रडल्या. गीताही रडली. मग एजन्सीचा माणूस आला, त्याने वायसर बसवला, माझे चेपलेले बटण पाहिले आणि मान हलवली. "हा आता वापरायचा न्हाई, बदलून घ्या." साबणाचे पाणी मागून त्याने नव्या रेग्युलेटरचा सांधा तपासला. फुगा आला नाही.

मी आता खिडकीत पडून आहे. एजन्सीत परत जायचा आहे. काल एक बाई मिरचीची पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली. हौसाबाईंनी तिला बसवले आणि आधी सांगितले, "बाई, माझं नाक गेलंय. भाजीन मी, वास गीता घेईल. पटत असंल तर ठेव."

बाई घुटमळली. तिने पिशवी उचलली आणि गेली. गीता तिच्या मागे निघाली, तर हौसाबाई म्हणाल्या, "जाऊ दे. खरं सांगितलं, तेवढं पुरं."



मित्रांनो, माझ्यासारख्यांना ठोकू नका. टाकी बदलताना वायसर बघा, साबणाच्या पाण्याचा कंटाळा करू नका, काम झाले की बटण बंद करा. वास आला तर काडी नको आणि विजेचे बटणही नको. आणि घरात कोणाचे नाक, कान, डोळे थकले असतील, तर त्यांना ते सांगायची लाज वाटणार नाही असे वागा. माझी नळी तुम्हाला बदलता येते, वायसर बदलता येतो, मीसुद्धा बदलता येतो. माणूस बदलून मिळत नाही.