सिग्नेपाशी उजवीकडे

अमेरिकेतल्या डाकोटाच्या माळावर मोटारी येऊ लागल्या आणि गुद्रूनची मेलेली पोरगी नकाशावर गेली. सिग्ने घटसर्पानं गेली तेव्हा तिथं रस्ता कसला, नुसती घोडागाडीची चाकोरी होती. चर्च लांब, थंडी हाडं फोडणारी. बापानं, नील्सनं, शेताच्या कोपऱ्यावरच तिला पुरलं. वर दगड, दगडावर नाव.

मग प्रूइट आला. मोटारवाल्यांसाठी वाटेची वळणं टिपत हिंडणं हा त्याचा धंदा. पुढच्या उन्हाळ्यात नकाशा छापून आला: काळ्या रेघेवर इवलासा क्रूस आणि शेजारी, ‘सिग्नेच्या थडग्यापाशी उजवीकडे’. झालं. शहरातली पोटभरली माणसं सहलीला निघायची, दगडाला टेकून उकडलेली अंडी खायची, टरफलं तिथंच टाकायची. “फ्रँक, सिग्ने आली, वळव आता,” असं म्हणून एखादी बाई खिदळायची. गुद्रून अंगणातून ऐकायची.

प्रूइट पुन्हा आला तेव्हा तिनं त्याला गाठलं.

“माझ्या पोरीचं नाव काढा त्यातनं.”

“बाई, या माळावर डोळ्यांत भरेल असं दुसरं आहे काय? सरळ गेले तर नदीच्या चिखलात रुततील बिचारे.”

“रुतू देत.”

“असं बघा, हजारो लोक तिचं नाव वाचतात. मोठमोठ्यांच्या नशिबात नसतं हे.”

आपण बाईचं सांत्वन केलं असंच त्या गाढवाला वाटलं.

त्याच आठवड्यात तिनं घोडा जुंपून दगड उपटला आणि गोठ्यात नेऊन टाकला.

“अगं, तिची खूण आहे ती,” नील्स म्हणाला.

“तिची कुठं राहिलीय? त्यांची झालीय.”

पण नकाशा छापलेलाच होता. आता मोटारी दारात येऊ लागल्या. “बाई, इथं एक मेलेली पोरगी होती ना? कुठाय?” गुद्रून हात करून वाट दाखवायची. रोज कुणीतरी विचारायचं, रोज तिला सांगावं लागायचं. एक हॅटवाली तर चिडलीच. “नकाशात आहे, आणि जागेवर नाही? हा काय कारभार?”

गुद्रूननं दार लावून घेतलं. दुपारी उठून पुन्हा घोडा जुंपला. दगड होता तिथंच रोवला, पण नावाची बाजू गव्हाकडे आणि कोरी पाठ रस्त्याकडे.

मोटारी कोरा दगड बघून वळू लागल्या. वाचायला काही नाही, मग थांबतंय कोण?

नाव वाचायचं तर आता गुद्रूनलाही गव्हात शिरावं लागे. एक काडी मोडली तरी खेकसणाऱ्या नील्सनं तो तुडवलेला गहू बघितला. पुढच्या पेरणीला त्यानं दगडामागे माणूस उभं राहील एवढी जागा पडीक ठेवली.