बशीतल्या पेशी

“वाचल्या! बघा तरी!” किनुए सूक्ष्मदर्शकापाशी उभी राहिली, पण डॉक्टर मिझुशिमांना जागा करून द्यायचं तिला सुचलं नाही.

एका बशीत नुसतं विष घातलं होतं. तिथल्या पेशी आक्रसून मेल्या होत्या. दुसरीत विषाआधी काढा घातला होता. तिथे त्या बारीक तंतू पसरून एकमेकींना धरून होत्या.

“छान,” मिझुशिमा म्हणाले. “पण किनुएबाई, या मज्जापेशींसारख्या पेशी आहेत. मेंदू नव्हे. बशीला ना म्हातारपण, ना संसार.”

“यांच्या विसरण्यावर आमच्या घरी हाच काढा उकळतो, डॉक्टर.”

“म्हणून तर सांगतोय.”

तिनं ऐकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत देवळाचा कारभार पाहणाऱ्या तोकूआजींना फोन करून टाकला: उत्सवाला दुसरा प्रवचनकार नको, आमचेच सांगतील. तिच्या नवऱ्याच्या, गेन्शोंच्या, सुरेल प्रवचनांसाठी एके काळी तोयामा भागातली खेडी लोटत. यंदा मात्र ते भाताचा वाडगा चपलांच्या कपाटात ठेवू लागले होते.

उत्सवाच्या दिवशी देवळामागच्या खोलीत तिनं थर्मास उघडला. “अहो, दोन घोट घ्या.”

“हे बैलाला पाजलंस तर जू टाकून पळेल!” गेन्शो म्हणाले, पण प्यायले.

“त्या आईची गोष्ट आठवतेय ना?”

“कुणाची आई?” ते हसले. थट्टा की खरंच, तिला कळेना.

पडद्याआड ती बसली, उठली, पुन्हा बसली. गेन्शो उच्चासनावर चढले आणि आवाज लागला, अगदी पूर्वीसारखा. घर सोडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी बर्फातून परत येतो, दार ठोठावतो. “दार उघडलं. दारात आई. आई म्हणाली...”

घडीचा पंखा धरलेला हात तसाच वर राहिला. छपरावर गारा वाजत होत्या. ‘आहेस तसा ये’, किनुएचे ओठ हलले. पडद्याची कड तिच्या मुठीत चुरगळली. सांगावं? सांगितलं तर सगळ्यांना कळेल. न सांगितलं तरी कळेलच.

“नमु अमिदा बुत्सु,” पुढच्या रांगेत तोकूआजींनी हात जोडले. प्रवचनकार गहिवरून थांबला की श्रोत्यांनी बुद्धाचं नाम उचलायचं, तसंच त्यांनी उचललं. मागून सारं देऊळ म्हणू लागलं. गेन्शोंनी ऐकलं, डोळे मिटले, तेही म्हणू लागले. मग पंखा मिटून आसनावरून उतरले आणि सरळ श्रोत्यांत गेले.

तोकूआजी सरकल्या, अर्धी उशी मोकळी केली. “या बुवा, बसा असे.”

संध्याकाळी घरभर काढ्याचा वास होता. गेन्शो खुशीत होते.

“अगं, आज प्रवचनाला कोण होते? काय गोड गळा!”

किनुएनं काढा पेल्यात गाळला.

“आधी हे घ्या,” ती म्हणाली. “गार होतंय.”

तोंड वाकडं करत त्यांनी एका दमात काढा संपवला, आणि पेला उपडा करून तिला दाखवला.