केसरीनाथांचा करारी फोटो

अंजूरच्या केसरीनाथ पाटलांनी शेतं गोदामांना भाड्यानं दिली, आणि आपला चेहरा आता इतिहासात जायला हवा हे त्यांच्या ध्यानात आलं. जवळच्या शेलार गावात मृणाली नावाची मुलगी हातानं प्लॅटिनमचे फोटो छापते, असं कुणीतरी सांगितलं. प्लॅटिनम सोन्याहून महाग, एवढं कलाज्ञान त्यांना पुरेसं होतं.

मृणालीनं त्यांना वडाच्या सावलीत बसवून फोटो काढला. मग जाड कागदावर ब्रशनं रसायन फासायचं, वर निगेटिव्ह ठेवून गच्चीवरचं ऊन द्यायचं, धुवायचं, असं आठ दिवस चाललं. सहा कागद वाया गेले. सातव्यावर करड्या रंगाच्या कितीतरी छटा उतरल्या. पाटलांच्या डोळ्यांखालचा थकवासुद्धा. मृणालीला स्वतःचाच हेवा वाटला.

पाटील आक्कांना, म्हणजे बायकोला, घेऊन फोटो न्यायला आले.

"ह्यो प्लॅटिनम हाय? मंग चमकं का न्हाय?"

"काका, हा चमकत नसतो."

"दम न्हाय, पोरी. काला कसा काला पायजे, पांढरा कसा पांढरा. निवडणुकीच्या ब्यानरवानी."

मृणालीनं रसायनाच्या दोन बाटल्या दाखवल्या. दुसरीतले थेंब वाढवले की काळ्या-पांढऱ्यातली तफावत वाढते. फार वाढवले की चित्रावर रव्यासारखे दाणे उठतात, हेही तिनं नीट समजावलं. पाटलांनी समजूतदारपणे सगळं ऐकून घेतलं.

"मंग सगली बाटली वत."

बाटली नाही, पण नव्या कागदासाठी चौपट थेंब तिनं दात आवळून घातले. कागद धुतल्यावर मिशी कोळशाची झाली, कपाळ कोरं पडलं आणि गालांवर देवी आल्यासारखे ठिपके उठले. पाटील हरखले.

"आता कसा मानूस दिसतंय!"

आक्कांनी पहिला फोटो उचलला. डोळ्यांखालच्या सावलीवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं.

"ह्ये आमचे," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्याकडे बघून विचारलं, "आन ह्यो कोन हाय?"

भर पंचायतीत कुणाला बोलू न देणाऱ्या पाटलांनी दोन्ही फोटोंचे पैसे मोजले.

शेवटी दोन्ही फोटो गेले. ठिपक्यांचा गोदामाच्या ऑफिसात लागला. भाडेकरू येता-जाता त्याची मनापासून तारीफ करतात, त्यांना दुसरा इलाज नाही. पहिला आक्कांनी घरी ठेवला. मृणालीनं सही केली ती त्याच्यावरच. दुसऱ्यावर करायची राहून गेली, असं ती सांगते.