पासबुक खाल्लेल्या शेळीची कैफियत

मित्रांनो, मी एक म्हातारी शेळी आहे. रंग काळा, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून घरात मला चांदी म्हणतात. धर्मापुरीजवळच्या एका वस्तीवर म्हाळू आणि भामाबाई हे नवरा-बायको शेळ्या राखतात. त्यांच्याच दावणीला माझा जन्म झाला. माझ्यावर एक आरोप आहे. मी भामाबाईचं बँकेचं पासबुक खाल्लं. आरोप खरा आहे, पण माझी बाजू अजून कुणी ऐकून घेतलेली नाही.

तरुणपणी माझा रुबाब काय सांगू! दर वेताला दोन करडं, एकदा तर तीन. वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, "भामाबाई, तुमची चांदी म्हंजी चालतीबोलती बँक हाय." मीही मान वर करून चालायचे. माझी करडं विकूनच भामाबाईनं घाटनांदूरला बँकेत खातं उघडलं. त्या दिवशी तिनं पासबुकाला हळदकुंकू लावलं आणि मला ओंजळभर मका घातला. पासबुक आणि मी, दोघंही तिची लाडकी.

पुढं माझं वय झालं, वेत थांबले, कौतुकही आटलं. वाईट वाटायचं, पण पाला वेळेवर मिळत होता.

मग गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी भामाबाई बँकेतून आली ती हिरमुसूनच. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, "मावशी, खात्यात किमान दोन हजार लागतात. तुमचे सातशेच राहिलेत. कमी पडले की दंड कापला जातो."

म्हाळू दावणीकडं बघत म्हणाला, "चांदीला काढू. गुरवारच्या बाजारात चार पैसे येतील, त्यातून खात्यात दोन हजार पुरे करू."

"आन ते काढायचे कवा?"

"काढायचे न्हाईत. तितंच ठिवायचे. खातं जित्तं ऱ्हाईल."

मित्रांनो, नीट ऐका. खातं जिवंत राहावं म्हणून मी मरायचं होतं! म्हाताऱ्या शेळीला बाजारात कोण विकत घेतो, हे मला कुणी शिकवायला नको. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

भामाबाई डोळ्यांना पदर लावून आत गेली. पासबुक दावणीजवळच्या बाजेवरच राहिलं. लोक म्हणतात, मी सूड घेतला. साफ खोटं आहे. त्या दिवशीच्या गडबडीत मला पाला घालायचंच राहून गेलं होतं. कव्हर चिवट निघालं, आतली पानं बरी लागली. शेवटचं पान तोंडात असताना म्हाळू आला आणि माझ्या पाठीत दोन काठ्या बसल्या.

नवं पासबुक काढायला दुसऱ्या दिवशी सून धनश्री भामाबाईबरोबर गेली. धनश्री बारावी झालेली आणि स्वभावानं चिकित्सक. तिनं तीन वर्षांचा खातेउतारा मागून घेतला. त्याचेही पैसे पडले. संध्याकाळी अंगणात बसून तिनं तो मोठ्यानं वाचला. शिल्लक कमी म्हणून कापले, मेसेज पाठवले म्हणून कापले, कार्डाचे म्हणून कापले.

"आत्या, कार्ड तर तुमी डब्यातून भायेर बी काढलं न्हाई. सगळे मिळून दोन हजार सहाशे चाळीस गेले."

भामाबाईनं बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, "म्हंजी माझं एक करडू बँकेनं खाल्लं की!"

आता तुम्हीच न्याय करा. मी पासबुक खाल्लं तर मला काठी. बँकेनं करडू खाल्लं, तर म्हाळू तिथं टोपी सरळ करून आणि चप्पल बाहेर काढून जातो.

धनश्रीनं मग फोनवरच्या खात्याची गोष्ट काढली.

"हे उंटावरून शेळ्या हाकायचे धंदे हायेत," म्हाळू म्हणाला. "आन पळून गेले म्हंजी?"

"मामा, रिझर्व्ह बँकेच्या यादीत त्या बँकेचं नाव बघितलंय मी. ठेवीला इमा हाय. किमान शिल्लक ठिवावी लागत न्हाई, कार्डाचं काई कापत न्हाईत."

"मग कावून फुकट संभाळतेत आपल्याला?"

"कर्जावर कमवतेत ते. आपल्या सातशेवर न्हाई."

बुधवारी त्या नव्या बँकेचा माणूस ओळख पटवायला फोनवरूनच भामाबाईचं तोंड बघणार होता. वस्तीवर रेंज नाही. रेंज मिळते ती माळावर, आणि माळावर आम्ही चरत असतो. भामाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दगडावर बसली. "नमस्कार मॅडम," असा आवाज आला, तेव्हा मॅडम कोण आली म्हणून तिनं मागं वळून पाहिलं.

"मॅडम, पॅनकार्ड दाखवा."

तिनं कार्ड वर धरलं. सवयीचा दोष, मी मान पुढं केली.

"मॅडम, कॅमेऱ्यासमोर दुसरं कुणी चालत नाही."

म्हाळू मागून ओरडला, "दुसरं कुनी न्हाई सायेब, घरचीच हाय!"

फोन कट झाला.

दुसऱ्या खेपेला म्हाळूनं माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकून मला धरून ठेवलं. भामाबाईनं सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले, उघडले, कार्ड दाखवलं. मग फोनवरचे साहेब म्हणाले, "कोऱ्या कागदावर सही करून दाखवा." ती एकेक अक्षर काढू लागली. ते बघता बघता म्हाळूचे हात सैल पडले. पांढराशुभ्र कागद माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता. तोंडाला पाणी सुटलं. पण उद्या गुरुवार होता. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी कागद सोडला.

खातं उघडलं. गुरुवारी म्हाळू बाजाराला एकटाच गेला. जुनं खातं बंद करायला मात्र त्याला आणखी एकदा चप्पल बाहेर काढावी लागली.

नव्या बँकेत रोकड भरायची पंचाईत आहे, पण आता करडं घेणारा व्यापारी फोनवरच पैसे टाकतो. तिथं जुन्या बँकेसारखं कुणी थंड पाणी विचारत नाही, याचं म्हाळूला अजून वाईट वाटतं. मला वाटत नाही.

तेव्हा बाळांनो, मोठे झालात की खातं हवं तिथं उघडा, पेठेत उघडा नाहीतर फोनवर उघडा. ओटीपी कुणाला सांगू नका, धनश्रीनं तो मलाही सांगितलेला नाही. घरातल्या म्हाताऱ्या शेळीला वेळेवर पाला घाला. आणि खात्यातून काय काय कापलं जातंय ते वाचत जा. मला वाचता येत नाही, म्हणून मी पासबुक खाल्लं. तुम्हाला तर वाचता येतं ना?